कोऱ्या पाण्यातली छाप

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि निघताना ठकीने हातात कोंबलेली ही कोरी रोजनिशी, एवढ्या लवाजम्यासह. रोज लिही आणि मी आले की वाचून दाखव, असं तिने बजावलंय. सहा वर्षांची आहे, पण हुकूम सोडण्यात थेट आजीवर गेली आहे.

खोली प्रयोगशाळेच्याच आवारात, वरच्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या, मोरीत नळ आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. रंग नुकताच दिलेला. दोन खुर्च्या बघून विशेष बरं वाटलं. एक माझी, एक ठकीची.

नोकरी तीन महिने तात्पुरती. काम पसंत पडलं तर कायम करणार, आणि कुटुंब आणायची परवानगी कायम माणसालाच. म्हणजे मे उजाडला की ठकी माझ्याजवळ. तिच्या बाबांनी दुसरं घर थाटल्यापासून आम्ही दोघी आईकडे होतो. आई बोलून दाखवत नाही, पण जिना चढताना तिचे गुडघे बोलतात. तीन महिने कळ काढायची, बस.

४ फेब्रुवारी

आमचं काम म्हणजे तळ्यात पडलेला मिठाचा खडा शोधायचा. पाण्यात, मातीत, गाळात फ्लोरिनची काही चिवट रसायनं असतात. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कोट, तेलकट खाणं बांधायचे कागद, आग विझवायचा फेस, सगळीकडे ती वापरतात आणि मग ती नदीनाल्यांत उतरतात. कुजत नाहीत, विरत नाहीत, आली की मुक्कामालाच. ती कायम आणि मी तात्पुरती, असं म्हटल्यावर यंत्रकाका खो खो हसले. मोठं यंत्र त्यांच्या ताब्यात आहे. निवृत्तीला आलेत, आणि रोज सकाळी घोड्याला थोपटावं तसं यंत्राला थोपटतात.

शोधायचं ते इतकं सूक्ष्म, की आपल्याच अंगावरचं नमुन्यात पडायची भीती. म्हणून क्रीम नाही, अत्तर नाही, नखांना रंग नाही, कपडे जुने आणि शंभरदा धुतलेले. मुख्य बाईंनी आल्या आल्या माझी पर्स टेबलावर उपडी केली आणि अर्धी परत दिली.

इथे एक गमतीची रीत आहे. नवा माणूस आला की शुद्ध पाण्यात त्याचे हात खळबळून ते पाणी यंत्रावर लावतात. जगाने प्रत्येकाला काही ना काही चिकटवलेलं असतंच. कुणाला तव्याचं जास्त, कुणाला कोटाचं. आलेखावर त्याचे लहानमोठे सुळके उठतात. ती त्या माणसाची छाप. तिचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवतात. आणि रोज नमुन्यांबरोबर एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची लावतात, तिला म्हणायचं कोरं. कोऱ्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. निघालंच तर कपाटापाशी जायचं, छापा जुळवायच्या, आणि ज्याची जुळेल त्याने आठवडाभर सगळ्यांना चहा पाजायचा. माझी छाप आज लागली. शेजारी एक जुना, पिवळा पडलेला कागद आहे. कुणाचा म्हणून विचारलं, तर आधीच्या बाईंचा, काढायचा राहिलाय, एवढंच काका म्हणाले.

१५ फेब्रुवारी

रविवार. आवारात मी आणि मनी. मनी म्हणजे इथली मांजर, सगळ्यांची लाडकी, त्यामुळे कोणाचीच नाही. नमुने गोळा करून आणणारा बाटलीदादा तिला रोज दूध घालतो. तोही आज नव्हता.

ठकीशी फोनवर बोलले. शाळेत त्यांना काना शिकवलाय, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूला ती काना लावून वाचते आहे, अशी आईची तक्रार. घरी होते तेव्हा मी तिच्या डब्यात चिठ्ठी ठेवायचे, तिला येतील तेवढ्याच अक्षरांची. अक्षर आईचं आहे की आजीचं हे ती लांबून ओळखते. फोन ठेवल्यावर खोली फारच मोठी वाटायला लागली. दिवसभर कुणाशी बोलले नव्हते, म्हणून मनीला ओरडले.

९ मार्च

आज कोऱ्यात सुळके आले. काम माझ्या हातचं, तेव्हा चहा माझ्या माथी, असं धरून मी स्वतःची छाप आलेखाशेजारी धरली. जुळेना. मुख्य बाईंची नाही, काकांची नाही, बाटलीदादाचीही नाही. मग मुकाट्याने तो पिवळा कागद लावून बघितला. पाच सुळके, चौथा थोटा, शेवटच्याला बाजूने खांद्यासारखा छोटासा फुगवटा. तंतोतंत.

आता आधीच्या बाईंना चहा आणायला सांगा, असं मी हसत म्हटलं. काकांनी चष्मा पुसला आणि बाटली बदलून पुन्हा लाव म्हणाले. मुख्य बाईंचं म्हणणं, जुन्या नळ्यांतून काही झिरपत असेल, ही रसायनं मेली कुठे जातात थोडीच. पटण्यासारखं होतं.

१० मार्च

बाटलीदादाला गेटपाशी गाठलं. आढेवेढे घेऊन शेवटी बोलला. आधीच्या बाई माझ्याच खोलीत राहायच्या, फार वर्षं. जवळचं कुणी नव्हतं. कामात इतक्या चोख, की त्यांच्या हातून एकदाही कोरं बिघडलं नाही. चहा पाजायची पाळीच त्यांच्यावर आली नाही. मोठी सुट्टी लागली, सगळे आपापल्या घरी गेले, आणि त्या वर खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. सुट्टी संपली, कामं सुरू झाली, तरी त्या दिसत नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस कोरं लावायला माणूस सापडेना, तेव्हा शोधाशोध झाली. ताई, वाईट वाटतं हो, म्हणाला, पण त्या असल्या काय नि नसल्या काय, कळायचंच नाही.

वर आल्यावर दुसऱ्या खुर्चीत बसवेना. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकला.

१९ मार्च

पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, नळ्या, हातमोजे, सगळं बदललं. कोरं रोज बिघडतंय आणि रोज तीच छाप. आज सहज म्हणून माझ्या मोरीतल्या नळाचं पाणी लावलं. टाकी एकच आहे, पण खालच्या नळात काही नाही. माझ्या नळात पाच सुळके, चौथा थोटा. माझ्या पंचालाही तेच.

भ्याले, खोटं कशाला लिहू. पण नंतर त्या बाईंची कीवही आली. आमच्या या प्रयोगशाळेत कुणाकडे कुणी बघत नाही, सगळे बघतात ते कोऱ्याकडे. एखादीला दिसायचंच असेल तर ती दुसरीकडे कुठे जाईल? हे मला लगेच समजलं, आणि लगेच समजलं याचंच जास्त वाईट वाटलं.

२९ मार्च

रविवार. ठकीला ताप आहे. आईने सांगितलं नसतं, पण मागून खोकला ऐकू आला. जाऊ म्हटलं तर रजा नाही.

बोलायला कुणी नव्हतं, म्हणून खुर्चीवरचे कपडे काढले आणि तिच्याशी बोलले. बाई, तुमचं बरं होतं, मागे काळजी करायला कुणी नव्हतं, असं काहीसं. बोलून हलकं वाटलं. तोंड धुवायला गेले तर पंचा आधीच ओला होता. वाळत घालायचा राहिला असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

७ एप्रिल

मुख्य बाईंनी बोलावलं. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. गावाच्या पिण्याच्या तलावाचे नमुने आलेत. कोरं स्वच्छ नसेल तर अहवाल रद्द, आणि मग तुमच्या कायम होण्याचं मी वर काय सांगू, असं विचारलं. काल ठकीने तिच्या बाहुलीचं बोचकंसुद्धा बांधून ठेवलंय.

९ एप्रिल

केलं.

यंत्राच्या संगणकात एक सोय असते. जी घाण सगळीकडे सारखीच आहे तिला पार्श्वभूमी ठरवायचं आणि प्रत्येक आलेखातून वजा करायचं. नियमाने आधी घाणीचं मूळ शोधायला हवं. काका नेहमी म्हणतात, वजा करायचं नसतं, शोधायचं असतं. पण काका आज दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. मी आधीच्या बाईंची छाप पार्श्वभूमी म्हणून भरली. आलेख डोळ्यांदेखत सपाट झाला. तलावाचे आकडे तेवढे स्वच्छ उभे राहिले. मग कपाटावरचा पिवळा कागद काढला, फाडला आणि केराच्या डब्यात टाकला.

कुणाचं नुकसान तर केलं नाही ना, असं मनाला विचारलं. मेलेल्या माणसाचं काय नुकसान व्हायचंय?

१३ एप्रिल

मेपासून कायम! मुख्य बाईंनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. आईला फोन केला. ३ मेला, रविवारी, ती ठकीला घेऊन येणार. ठकी फोनवर नुसती ओरडत होती. मीही रडले थोडी, पण ते तिला ऐकू दिलं नाही.

खोलीत एक विचित्र गोष्ट झाली होती. दुसरी खुर्ची टेबलापासून वळवून माझ्या खाटेकडे तोंड करून ठेवली होती. आज सकाळी घाईत मीच सरकवली असेल.

१७ एप्रिल

दर तिमाहीला हातांची छाप नव्याने घेतात. माझा आलेख आला तो सपाट. एक सुळका नाही. इतके स्वच्छ हात आयुष्यात पाहिले नाहीत, असं मुख्य बाई म्हणाल्या. काका मात्र कागद उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. सगळे गेल्यावर मी वजाबाकी काढून माझाच आलेख पुन्हा बघितला.

पाच सुळके. चौथा थोटा. शेवटच्याला खांदा. माझं स्वतःचं काही उरलेलं नाही.

तिचं पाणी, तिचा नळ, तिची खुर्ची. अडीच महिने मी तिच्यातच राहिले. मग मी वजा केलं ते कुणाला?

२० एप्रिल

पायरीवर चहा आला. कप एक कमी. बाटलीदादाला सांगितलं, तो मनीकडे बघत राहिला. मस्करी असेल म्हणून मीही हसले. माझ्या जागेवर मुख्य बाईंनी फायली ठेवल्यात. उचला म्हटलं. दोनदा म्हटलं.

२२ एप्रिल

वजाबाकी संगणकातून पुरती काढून टाकली. कोरं लावलं. रेघ सपाट. माझी वजाबाकी आता काढूनही निघत नाही. अहवालावर सही होऊन तो गेलाय, तिथून काही परत येत नाही.

मुख्य बाई आज फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की इथली जागा बरेच महिने रिकामी आहे, माणूस पाठवा. मी समोर उभी होते. त्यांचा पदर माझ्या हाताला लागला.

२४ एप्रिल

आईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, अगं ठकी, बघ गं, नुसती घरघर येतेय. मी ओरडत होते. येऊ नका. तिने ठेवून दिला. मेसेज तिला उघडता येत नाही, फोन म्हणजे तिच्या लेखी कानाला लावायची वस्तू.

घरी जावं का? जाऊन काय, दारात उभी राहू आणि त्या —

२५ एप्रिल

मनी पायाशी आली. तिच्याशिवाय माझ्याकडे कुणी बघत नाही. मांडीवर घेतलं, खूप वेळ. किती ऊब असते एवढ्याशा जिवाला.

२६ एप्रिल

बाटलीदादा दूध घेऊन हाका मारतोय. मनी, मनी, कुठे उलथली. ती त्याच्या पायांत घुटमळते आहे, त्याच्या पायांना घासते आहे. त्याला दिसत नाही.

माझ्या हातून झालं. हात लावला, म्हणून.

घरी जायचं नाही. ठकीला हात लावायचा नाही. काही झालं तरी.

२८ एप्रिल

काकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. मी इथे आहे, माझ्या आईला फोन करा, मुलीला आणू नका म्हणावं. त्यांनी वाचली. पांढरे पडले. चुरगाळून टाकली आणि रिकाम्या खोलीला हात जोडले. बाई, म्हणाले, आमचं चुकलं, तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. आता तरी जा.

काका मला ती समजले. हात जोडले ते मला नव्हे, तिला — मी तीच झालेय आता.

३० एप्रिल

दिसली.

भरदुपारी. दुसऱ्या खुर्चीत. पांढरा डगला, केस मागे घट्ट बांधलेले, हात मांडीवर. रागावलेली नाही. रागावली असती तर बरं होतं. इतकी आनंदात आहे — घरी कुणीतरी यायची वाट बघून ते आल्यावर माणूस बघतं तसं माझ्याकडे बघते. बोलत नाही. मनी तिच्या मांडीवर.

१ मे

दाराला चिठ्ठी लावली. आई, वर येऊ नको. काकांनी काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली, आणि खालच्या दाराला कुलूप —

माझ्याकडे किल्ली आहे. तिच्याकडेही.

२ मे

ठरवलं. उद्या टाकीमागे जाऊन बसायचं. दिवसभर. मी दिसले नाही की आई शोधेल, रडेल, मला शिव्या देईल आणि ठकीला परत नेईल. ठकी मोठी होईल. आई टाकून गेली म्हणेल. म्हणू दे. चार माणसांना दिसत तरी राहील.

लांबून बघायला काय हरकत आहे, टाकीमागून —

नाही. बघायचं पण नाही.

३ मे

टाकीमागे गेले नाही. जाणारच होते.

आल्या. आवारात ठकीचा आवाज. आई, ए आई. काका रविवार असूनही यंत्रापाशी आलेले. सांगतायत, अशी कुणी इथे — आई चिडली, मग गोंधळली. काका म्हणाले वरची खोली रिकामी आहे, कुलूप काढतो, बघा हवं तर.

आईचे गुडघे. ती खालीच. ठकी एकटी जिन्यावर.

दारात आहे. नवा फ्रॉक. केस वाढलेत किती. माझ्यातून पलीकडची खिडकी बघते.

टेबलावर तीन कप. मी मांडले नाहीत.

बाई उठली. ठकीकडे — मी मध्ये आले. ती थांबली. हसते आहे. तिला घाई नाही.

ठकीला रोजनिशी दिसली. तिनेच दिलेली. येते आहे. शाई दिसते तिला, मी नाही. मोठ्या अक्षरांत लिहिते, तिला येतील तेवढ्यांत —

परत जा

बोट ठेवून वाचलं. प. र. त. जा. मान वर केली. चेहरा असा उजळला. आईचं अक्षर, म्हणाली.

जात नाही. लपाछपी वाटतेय तिला. ओल्या अक्षरांवर हात ठेवायला येते आहे. एवढासा हात. माझा हात याच पानावर. किती दिवसांत कुणी माझा —

उचलायला हवा.

उचलते. ठकी, उचलते गं, आत्ता उच